न्यू इंग्लंड-कॅनडाची फॉल क्रूझ : आपापले अनुभव लिहा

सायलीची_आई
काल दुकानात ॲपल सायडर डोनट्सचा वास आला आणि एकदम बार हार्बर आठवलं. ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन बॉस्टनहून क्रूझ केली होती. बार हार्बर (अमेरिकेतल्या मेन राज्यात), मग कॅनडातली सेंट जॉन, हॅलिफॅक्स आणि परत.

आधीच सांगते, बोटीवरून फॉलची, म्हणजे पानगळीआधीची रंगीत पानं फारशी दिसत नाहीत! किनाऱ्याला काळपट हिरवी, सदाहरित स्प्रूसची झाडं, मध्येच एखादा पिवळा ठिपका. रंग बघायचे तर उतरायलाच हवं. बार हार्बरला जहाज खाडीत उभं राहतं, छोट्या बोटीने गावात नेतात. ती बोट लाटांवर वरखाली होत होती. दोन खलाशांनी आईला दोन्ही दंडांना धरून अलगद आत ठेवलं. तिने पर्स काही सोडली नाही.

कॅडिलॅक डोंगराच्या वाटेवर बाबा गप्पच झाले. सगळा उतार पिवळा-केशरी. गाईड म्हणाला, बार हार्बर ज्या बेटावर आहे तिथली १९४७ च्या वणव्यात १७ हजार एकरांहून जास्त जमीन जळाली. जुने स्प्रूस गेले, मोकळ्या उन्हात पानं रंगणारे बर्च आणि ॲस्पन फोफावले. म्हणजे आपण जे बघायला जातो ते बरंचसं त्या आगीचं देणं. लिहा तुम्हीपण.

खादाडखाऊ
तिथल्याच जॉर्डन पाँडचे पॉपओव्हर (फुगलेले पोकळ पाव) खाल्ले की नाही? नसतील तर ट्रिप फुकट.

रानवाटा
पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र ऐनवेळी पानातल्या साखरेपासून बनतो, त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो. किनाऱ्याला समुद्राची ऊब, त्यामुळे आतल्या डोंगरांपेक्षा तिथे रंग उशिरा. सप्टेंबरच्या स्वस्त तिकिटाला भुलू नका.

कोकणी_कावळा
सेंट जॉनला भरतीच्या वेळी नदी उलटी वाहते. ते ज्या फंडीच्या उपसागरावर आहे त्याच्या टोकाला भरती-ओहोटीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो म्हणे. आमची बस पोचली नेमकी मधल्या संथ वेळेत. पाणी ढिम्म. नवरा म्हणाला, एवढे डॉलर देऊन वेंगुर्ल्याची खाडीच बघितली.

पुणेरी_पाहुणा
😂😂

मनीमाऊ
सासूबाईंचा भारतीय पासपोर्ट आहे. कॅनडाचा व्हिसा लागतो का?

सायलीची_आई
@मनीमाऊ हो, लागतोच. आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री (पुन्हा पुन्हा येता येणारा) असलेला बरा, परत यायचंय ना.

पुणेरी_पाहुणा
मग कॅनडात जायचंच कशाला?

जुना_खलाशी
१८८६ चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि ही मोठी जहाजं बहुतेक बहामा-पनामाच्या झेंड्याची. म्हणून कॅनडाला शिवून यायचं.

गौरी_टोरांटो
हॅलिफॅक्सच्या फेअरव्ह्यू लॉन दफनभूमीत टायटॅनिकमधल्या १२१ जणांच्या कबरी आहेत. 'जे. डॉसन'च्या दगडापुढे ही गर्दी! 'टायटॅनिक' सिनेमातला जॅक डॉसन समजून येतात. हा बिचारा जोसेफ, जहाजावर कोळसा हलवणारा. कितीतरी दगडांवर नावच नाही, नुसता नंबर आणि १५ एप्रिल १९१२. तिथे कोणी थांबत नव्हतं. मी जरा वेळ बसले.

मनीमाऊ
वाचूनच कसंतरी झालं.

बिंगोवाली_सून
आमचं बार हार्बर रद्दच झालं. कुठल्यातरी वादळाचं शेपूट होतं, छोट्या बोटी सोडता येईनात. दिवसभर समुद्रात. सासूबाई बिंगोत जिंकल्या, त्यामुळे घरी सगळ्यांना क्रूझ 'फारच छान' झाल्याचं कळलंय.

गौरी_टोरांटो
बार हार्बर गावाने २०२२ मध्ये मतदान करून जहाजांवरून दिवसाला हजारच माणसं उतरू द्यायची ठरवलंय. बुक करताना बघा.

रानवाटा
लाल जंगल बघायला एवढ्या लांब कशाला, मार्चात सह्याद्रीत कुसुंबाची पालवी बघा.

पुणेरी_पाहुणा
आले सह्याद्रीवाले.

नंदा_न्यू_जर्सी
आमच्या क्रूझमध्ये कोजागिरी आली! बुफेतून गरम दूध घेतलं, मसाला घरून नेला होता. डेकवर वारा असा की कागदी कप उडाला आणि दूध शेजारच्या जर्मन आजोबांच्या जाकिटावर. त्यांनी बोट चाटून अजून मागितलं.

खादाडखाऊ
मसाल्याचं प्रमाण द्या.

नंदा_न्यू_जर्सी
बदाम, पिस्ते, वेलची, केशर अंदाजे. जायफळ चिमूटभरच, नाहीतर सगळे डेकवरच झोपतील. कुकर लावलाय, आले.