व्हिडिओ बघताना सगळं कळतं, मग लिहायला बसल्यावर हात का थांबतो?

दूधवाली_हिशेबनीस

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत हिशेब बघते. वय 36, बी.कॉम. टॅली येतं, एक्सेलही बऱ्यापैकी येतं. प्रोग्रॅमिंग शिकायचं डोक्यात दोन वर्षं होतं. दिवाळीनंतर सुरुवात केली. लेक झोपली की साडेनऊ ते अकरा, ओट्यावर लॅपटॉप ठेवून.

पहिल्यांदा हार्वर्ड विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स लावला, सीएस50. डेव्हिड मॅलन सरांनी टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी मधोमध उघडून टराटरा फाडली आणि अर्धी फेकून दिली, तेव्हाच मी त्यांची फॅन झाले. हजार पानांत एक नाव शोधायला जेमतेम दहा वेळा फाडावं लागतं, हे मी दुसऱ्या दिवशी संस्थेत सगळ्यांना सांगत होते. त्यांचं इंग्रजी फार भरभर, म्हणून वेग 0.75 वर ठेवते. स्क्रॅच नावाच्या चित्रांच्या भाषेतले ठोकळे जोडून मांजर नाचवली. मग लगेच पुढच्या आठवड्यात सी भाषा! हॅशच्या चिन्हांचा मारिओचा जिना काढायचा होता. चार रात्री गेल्या. माझा जिना भलत्याच भिंतीला टेकायचा.

मग कुणीतरी पायथन ही भाषा सोपी म्हणालं, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटीची 2008 सालची लेक्चर्स उघडली. सर फळ्यावर समजावतात ते छान कळतं, पण त्यांनी लिहिलेली ओळ जशीच्या तशी टाईप केली की लाल अक्षरांत एरर. मग एनपीटीईएल, म्हणजे आपल्या आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स. थोडक्यात, सहा आठवडे, तीन कोर्स, पूर्ण एकही नाही.

परवा ठरवलं, व्हिडिओ बंद आणि आपल्या कामाचं काहीतरी लिहायचं. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, दोन्हींची बेरीज, गुणिले दर 45. एवढंच. सकाळ 5, संध्याकाळ 4 टाकलं. बेरीज आली 54. एका म्हशीचं! आणि रक्कम म्हणून 545454 करत पडदाभर नव्वद आकडे. एवढे पैसे रिझर्व्ह बँकेत तरी असतील का?

व्हिडिओ बघताना मान डोलते, सगळं कळतं. रिकामी खिडकी समोर आली की काहीच सुचत नाही. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का? आणि या तिन्हींपैकी कुठलं एक धरून ठेवू?

---

कोपऱ्यातला_टेबल

ताई, डोक्यात काही कमी नाही. 54 कसे आले ते आधी बघू. इनपुट वापरून कीबोर्डवरून घेतलेलं काहीही पायथनच्या लेखी मजकूर असतं. तुम्ही 5 आणि 4 हे आकडे दिलेत, त्यानं ती दोन अक्षरं समजून शेजारी शेजारी ठेवली. मजकुराला 45 ने गुणलं की तो तोच मजकूर 45 वेळा लिहितो. म्हणून नव्वद आकडे. म्हणजे मशीननं तुमचं अगदी तंतोतंत ऐकलं. घेतानाच इंट लावा, म्हणजे मजकुराचा पूर्ण आकडा होईल आणि 9 येतील.

गंमत म्हणजे मॅलन सरांचाच पायथनसाठी वेगळा कोर्स आहे, सीएस50पी. त्याच्या पहिल्याच लेक्चरमध्ये ते 1 आणि 2 ची बेरीज 12 करून दाखवतात, मुद्दाम. तुम्ही तो व्हिडिओ आधी बघितला असता तर हसून पुढे गेला असतात आणि महिन्याभरानं तीच चूक केली असती. आता जन्मात विसरणार नाही.

एमआयटीच्या एररचं कारण साधं आहे. ती लेक्चर्स 2008 च्या सेमिस्टरची, त्यात जुनं पायथन 2 आहे; आपण वापरतो ते पायथन 3 आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तेव्हा पडद्यावर काही दाखवायच्या प्रिंट या आज्ञेनंतर कंस लागत नसे, आता लागतो. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 पासून बंदच झाला. शिकवणं उत्तम आहे, पण नवख्यानं लेक्चरचं साल बघूनच बसावं. एमआयटीनंच 2016 सालची अ‍ॅना बेल मॅडमची लेक्चर्स टाकली आहेत, त्यात पायथन 3 आहे.

---

निवृत्त_मास्तर

व्हिडिओ बघून पोहता येतं का? वही घ्या, पुस्तक घ्या. आमच्या वेळी कागदावर प्रोग्रॅम लिहून तपासायचो, मगच मशीनला हात.

---

सीमेपलीकडची

मास्तर, पुस्तक वाचूनही पोहता येत नाही हो. 😀

ताई, मी बेळगावची. आईला शिकवताना मी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लावले. साधारण दहा दहा मिनिटांचे असतात. समोर बोलणारा माणूस दिसतच नाही, फक्त पडदा आणि आवाज. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर आपलं काम, थांबवायचं आणि करायचं, अशीच त्यांची रचना आहे. सी ची मालिका मराठी आवाजातही आहे. दिसायला मॅलन सरांसारखी मजा नाही, कुणी काही फाडत नाही. पण आईच्या हातात काम आलं ते त्यामुळेच.

एनपीटीईएलचं नेमकं कुठलं बघत होता?

---

दूधवाली_हिशेबनीस

@सीमेपलीकडची, माधवन मुकुंद सरांचं, पायथनमधलं डेटा स्ट्रक्चर्स वगैरे. पहिल्या आठवड्यात नुसता मसावि! एक रीत, मग तीच जरा सुधारून, मग आणखी सुधारून, शेवटी युक्लिडची. शाळेत भागाकार करून मसावि काढायचो ते युक्लिडचं होतं हे मला आत्ता कळलं. पण पुढे वेग झेपेना.

@टेबल दादा, इंट लावलं, 9 आले, लेकीला उठवून दाखवावं वाटलं. पण लगेच दुसरं खातं घेतलं, सकाळ 6, संध्याकाळ 4.5. पुन्हा लाल. दूध कधी पूर्ण लिटरात येतं का! या वेळी व्हिडिओ शोधला नाही, इथेही विचारलं नाही. एररची शेवटची ओळ तीनदा वाचली. त्यात 4.5 लिहिलेलं होतं. म्हणजे इंटला पॉइंटातलं चालत नाही. मग फ्लोट सापडलं, त्याला चालतं. अर्धा तास गेला, पण माझं मी शोधून काढलं.

---

कोपऱ्यातला_टेबल

बघा, हेच. मुकुंद सरांचा कोर्स चांगलाच आहे, पण तो थोडंफार प्रोग्रॅमिंग आलेल्यांसाठी. एनपीटीईएलवरच सुदर्शन अय्यंगार सरांचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' आहे, बारा आठवड्यांचा, अगदी नवख्यांसाठी. नाहीतर सीएस50पी. माझं मत सीएस50पीला, कारण मॅलन सर तुम्हाला आधीच आवडतात आणि साडेनऊनंतर जागं राहायला तेवढं पुरतं. दीड तास एका दमात बघू नका. वीस मिनिटं बघा, बंद करा, तेच न बघता लिहा. आणि प्रत्येक लेक्चरमधलं एक काहीतरी दुधाच्या हिशेबात घाला.

---

दूधवाली_हिशेबनीस

सीएस50पी धरलं. तीन आठवडे झाले, अट लावणं आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) झालं. मारिओ पुन्हा केला, पायथनमध्ये, जिना उभा राहिला.

पण एक तक्रार आहे. आमच्याकडे अर्धा रुपया आला की वरचा रुपया धरतात. 10.5 लिटर गुणिले 45, म्हणजे 472.50, रजिस्टरला 473. राउंड लावलं तर पायथन म्हणतं 472. मला वाटलं खालीच धरत असेल. पण 473.50 दिले तर 474! एकदा खाली, एकदा वर. हा काय हिशेब झाला?

---

कोपऱ्यातला_टेबल

😀 हिशेबनीसच हे पकडणार. पायथन 3 बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं. 472 सम, 474 सम. हजारो आकड्यांत बेरीज एकाच बाजूला झुकू नये म्हणून ही रीत. तुम्हाला गावची रीत हवी असेल तर रकमेत 0.5 मिळवा आणि इंट लावा. पुढे पैशांचं मोठं काम करायचं झालं तर डेसिमल नावाचं मॉड्यूल बघा. फ्लोटवर बिलं काढू नका, पैशाचा घोळ होतो.

---

दूधवाली_हिशेबनीस

0.5 मिळवून जमलं. काल सेक्रेटरींना दाखवलं, दहा दिवसांचं एक बिल, रजिस्टरशी पैशापैशाला जुळलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय, पण यात फॅट कुठाय?"

खरंच की. सगळ्यांना 45 चा दर कुठे असतो! फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) बघून दर लावायचा, आणि ते दरपत्रक म्हणजे पानभर चौकोन. ते प्रोग्रॅमला कसं सांगायचं? इथेच विचारू की नवीन धागा काढू?