शब्दचर्चा : गाणे 'तोंडी बसणे', 'कानात घोळणे' आणि दुसऱ्या भागाच्या संगीतातील 'पुनरुक्ती'

प्रश्न

'फ्रोझन २' या २०१९ मधील ॲनिमेशनपटाच्या संगीताविषयी मराठी श्रोत्यांनी लिहिलेली मते मी सध्या वाचत आहे. २०१३ च्या पहिल्या भागातील गाण्यांपुढे दुसऱ्या भागातील गाणी फिकी पडली, असा त्यांतील अनेकांचा सूर आहे. हे मत बरोबर की चूक, हा माझा प्रश्न नाही. ते मांडताना वापरलेल्या शब्दांविषयी मला शंका आहे. 'गाणी तोंडी बसत नाहीत', 'कानात घोळत नाहीत', 'मनात रुजत नाहीत' आणि 'लक्षात राहत नाहीत' ही चारही वाक्ये एकच अर्थ असल्यासारखी वापरलेली दिसतात. एकही गाणे लक्षात राहिले नाही असे लिहिणारा श्रोता पुढच्याच वाक्यात 'ती दुरून येणारी हाक मात्र डोक्यातून जात नाही' असेही लिहितो, आणि त्याला स्वतःला त्यात काही विसंगती जाणवत नाही. हे शब्द खरोखरच समानार्थी आहेत का? शिवाय पहिल्या भागातील सुरावटी दुसऱ्या भागात पुन्हा ऐकू आल्या, तर त्याला 'पुनरुक्ती' म्हणणे योग्य आहे का?

पहिले उत्तर

हे शब्द समानार्थी नाहीत, आणि या चित्रपटाच्या बाबतीत तर त्यांतील भेद पाळला नाही की मताचा अर्थच पालटतो.

'तोंडी बसणे' या वाक्प्रचारात पाठांतराचा भाव आहे. पाढे तोंडी बसतात, कविता तोंडी बसते. पुन्हा पुन्हा म्हटल्यामुळे ते न अडखळता बाहेर पडू लागते. गाण्याबद्दल हा वाक्प्रचार वापरला की त्यात ऐकणाऱ्याच्या गळ्याचाही हिशेब येतो, कारण गाणे तोंडी बसायचे तर ते आधी म्हणता आले पाहिजे. 'कानात घोळणे' याला मात्र गळ्याची गरज नाही. जे आपल्याला गाता येत नाही, ज्याचे शब्दही कळलेले नाहीत, तेसुद्धा दिवसभर कानात घोळू शकते. 'मनात रुजणे' ही तर काळाची गोष्ट आहे. रुजायला वेळ लागतो, त्यामुळे चित्रपट प्रदर्शित झाला त्याच दिवशी 'गाणी मनात रुजली नाहीत' असे लिहिणे अर्थाच्या दृष्टीने घाईचे ठरते. 'लक्षात राहणे' हा सर्वांत सैल शब्द असून वरच्या तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट त्यात मावते, आणि म्हणूनच मत देताना त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो.

आता प्रत्यक्ष गाण्यांकडे पाहू. पहिल्या भागातील 'लेट इट गो' या गाण्याचे ध्रुवपद एकमेकांना लागून असलेल्या तीन चढत्या स्वरांवर सुरू होते. तीन छोटे शब्द आणि त्यांना तीन शेजारचे स्वर, एवढी त्याची पायरी सोपी आहे. गाणे पुढे बरेच वर चढते, पण लहान मुलाला निदान ध्रुवपदाचा आरंभ हमखास म्हणता येतो. दुसऱ्या भागातील 'इनटू द अननोन' या गाण्यात शीर्षकाचीच ओळ ध्रुवपद म्हणून पुन्हा पुन्हा येते. तिच्यातील शेवटच्या शब्दावर सूर खालून एकदम वर उडी घेतो, आणि पुढच्या आवर्तनात आणखी वर जातो. ते गाणाऱ्या इडिना मेन्झेल यांच्या आवाजाचा आवाका मोठा असल्याने त्यांना ते साधते; सामान्य श्रोत्याचा आवाज मात्र त्या टिपेला पोहोचण्याआधीच फाटतो. त्यामुळे हे गाणे तोंडी बसत नाही ही तक्रार रास्त आहे. ते कानात घोळत नाही, असे मात्र मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर

वरील विवेचन मला बहुतांशी मान्य आहे. फक्त 'तोंडी बसणे' हा वाक्प्रचार चालीला लावू नये, असे माझे मत आहे. तोंडी बसतात ते शब्द. चाल ओठांवर रुळते किंवा ओठांवर खेळते. हा भेद मुलांच्या बाबतीत अगदी स्पष्ट दिसतो. भाषा न कळणारी मुले मनाला येतील ते शब्द घालून गाणे म्हणतात, पण चाल बिनचूक असते. अशा वेळी 'चाल ओठांवर रुळली, शब्द तोंडी बसले नाहीत' असे लिहिले की काय झाले ते नेमके कळते.

पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून

ही दुरुस्ती मी स्वीकारतो. 'चाल' या शब्दातच शब्दांची सोबत गृहीत असते. कवितेला चाल लावतात, गीताला चाल देतात. म्हणूनच पार्श्वसंगीताविषयी लिहिताना काही श्रोते 'त्या प्रसंगाची चाल' असे लिहितात ते कानाला खटकते. तिथे 'धून' किंवा 'सुरावट' हेच शब्द योग्य आहेत.

तिसरे उत्तर

प्रश्नात ज्या 'हाके'चा उल्लेख आहे तिच्यासाठी मला 'साद' हा शब्द अधिक समर्पक वाटतो, आणि या चित्रपटाच्या संगीताचा विचार करताना तिथे थोडे थांबावेसे वाटते.

ही साद नॉर्वेच्या गायिका ऑरोरा यांच्या आवाजात आहे. तिच्यात शब्द नाहीत. मोजक्या स्वरांची एक छोटी आकृती आहे, जी एल्सा या नायिकेला दुरून ऐकू येते आणि इतर कोणाला येत नाही. स्कँडिनेव्हियात डोंगरात चरायला गेलेली गुरे परत बोलावण्यासाठी स्त्रिया उंच, अणकुचीदार स्वरात हाळी देत. तिला 'कुलनिंग' म्हणतात, आणि या सुरावटीमागे तिचीच प्रेरणा आहे. त्याच वेळी या सुरावटीचे 'डिएस इरे' या मध्ययुगीन ख्रिस्ती मृत्युप्रार्थनेच्या आरंभीच्या चार स्वरांशी असलेले साम्यही जाणकार श्रोत्यांच्या कानांतून सुटलेले नाही. म्हणजे बोलावणे आणि भय ही दोन्ही त्या चार स्वरांतच आहेत. काही जणांनी तिला 'आलाप' म्हटले आहे, ते मला पटत नाही. आलाप उलगडत जातो आणि दर वेळी वेगळा होऊ शकतो. ही आकृती ठरलेली आहे, आणि ती ठरलेली असण्यातच तिचे काम आहे, कारण ती ओळखता आली नाही तर कथेतील धागाच सुटेल.

'हाक' कोणीही कोणालाही मारतो, पण 'साद' घातली की 'प्रतिसादा'ची अपेक्षा निर्माण होते. पुढे 'शो युवरसेल्फ' या गाण्यात एल्सा त्या आवाजाला खरोखरच स्वरांनी उत्तर देते. त्यामुळे ही सुरावट डोक्यातून जात नाही असे म्हणणाऱ्या श्रोत्याचे दुसरे वाक्य मला पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक, गांभीर्याने घ्यावेसे वाटते. गाणे म्हणून तो जे शोधत होता ते त्याला सापडले नाही, पण संगीताने त्याच्या कानावरचा ताबा सोडलेला नाही.

चौथे उत्तर

'पुनरुक्ती' या शब्दाविषयी लिहितो. आपल्या काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष मानला आहे. एकदा सांगितलेला अर्थ कारण नसताना पुन्हा सांगणे म्हणजे पुनरुक्ती. त्यामुळे हा शब्द वापरला की निवाडा आपोआपच होऊन जातो. जे पुन्हा आले आहे त्याची केवळ नोंद करायची असेल तर 'पुनरावृत्ती' किंवा 'आवर्तन' म्हणावे, आणि ते नव्या रूपात आले असेल तर 'पुनर्योजना' म्हणता येईल.

याच चित्रपटातील अंगाईचे उदाहरण घेऊ. आरंभी आई इदुना आपल्या एल्सा आणि ॲना या दोन्ही मुलींना 'ऑल इज फाउंड' ही अंगाई म्हणून दाखवते. इव्हान रेचल वुड यांनी ती अगदी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी गायली आहे. त्या वेळी आपण ती झोपवण्याचे गाणे म्हणून ऐकतो. तिच्यातील नदी, उत्तरेचा वारा आणि समुद्र ही सारी गोष्टीतील चित्रे वाटतात. 'शो युवरसेल्फ'च्या शेवटाकडे तीच चाल आईच्याच आवाजात पुन्हा येते, या वेळी वाद्यवृंदाच्या भरघोस साथीने, आणि ती अंगाई नव्हती तर वाट दाखवणारी खूण होती हे तेव्हा उमगते. स्वर तेच असले तरी अर्थ पहिला राहिलेला नाही. याला पुनरुक्ती म्हणणे अन्यायाचे आहे. उलट अंगाईकडे दुर्लक्ष करून थेट शेवटचे गाणे ऐकणाऱ्याच्या हाती त्यातील अर्धेच लागते, आणि ध्वनिफितीतून सुटी गाणी ऐकून मत देणाऱ्या अनेकांच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे, असा माझा समज आहे.

पहिल्या भागातील सुरावटी दुसऱ्या भागात येण्याविषयीही असेच पाहावे. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'च्या २०१४ मधील दुसऱ्या भागात जॉन पॉवेल यांनी आधीच्या भागातील ओळखीच्या धून पुन्हा वापरल्या, पण वाद्ये, लय आणि प्रसंग बदलून. तिथे 'तीच धून पुन्हा' अशी तक्रार करण्यापूर्वी ती त्याच कामासाठी आली आहे का, हे ऐकले पाहिजे. ती त्याच प्रसंगी, त्याच थाटात, केवळ आधीच्या यशाची आठवण करून देण्यासाठी आली असेल, तर खुशाल 'पुनरुक्ती' म्हणावे. तेव्हा तो शब्द अचूक असेल.

पाचवे उत्तर

आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो, तो म्हणजे खुद्द 'संगीत'. आपल्याकडील चित्रपटांत बहुधा संगीतकार गाण्यांना चाली देतो आणि गीते गीतकार लिहितो, त्यामुळे 'संगीत' म्हटले की आपल्या मनात आधी गाण्यांच्या चाली येतात. 'फ्रोझन'च्या दोन्ही भागांत विभागणी निराळी आहे. क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ या दांपत्याने गाण्यांचे शब्द आणि चाली दोन्ही केले, तर पार्श्वसंगीत ख्रिस्तोफ बेक यांचे आहे. गाणी आवडली नाहीत म्हणून 'संगीत कमकुवत आहे' असे लिहिणारा श्रोता नकळत बेक यांच्याही कामावर शेरा मारतो, आणि ते त्याने कदाचित कान देऊन ऐकलेलेही नसते. 'गाणी' म्हणायचे असेल तर 'गाणी'च म्हणावे.

'मोआना २' विषयीच्या मतांतही हीच गल्लत दिसते. २०१६ च्या पहिल्या भागाची गाणी लिन-मॅन्युएल मिरांडा, ओपेटाया फोआई आणि मार्क मॅनसिना यांची होती. २०२४ च्या दुसऱ्या भागात मिरांडा नव्हते. ॲबिगेल बार्लो आणि एमिली बेअर यांनी गाणी केली, मात्र फोआई आणि मॅनसिना कायम राहिले. 'संगीतकार बदलले' हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. बदल कुठे झाला हे न सांगता 'संगीत बदलले' म्हटले, तर जे टिकून राहिले त्याचे श्रेय कोणाच्याच पदरी पडत नाही.

प्रश्नकर्त्याकडून

सर्व उत्तरांमुळे बरेच स्पष्ट झाले. आणखी एक विचारतो. क्रिस्टॉफच्या तोंडी असलेले, जोनाथन ग्रॉफ यांनी गायलेले 'लॉस्ट इन द वुड्स' हे गाणे काहींना अतिशय आवडले, तर काहींनी त्याला 'विडंबन' म्हणून मोडीत काढले आहे. हा शब्द इथे चालेल का?

दुसऱ्या उत्तराच्या लेखकाकडून

माझ्या मते चालणार नाही. मराठीत विडंबनगीत म्हटले की मूळ गाण्याची चाल तशीच ठेवून शब्द बदललेले, असे अपेक्षित असते. इथे चाल नवीन आहे. १९८० च्या दशकातील भावनेने ओथंबलेल्या रॉक गीतांचा थाट तेवढा उचलला आहे, आणि पडद्यावरील दृश्येही त्या काळातील संगीतचित्रफितींसारखी रचली आहेत. त्याला 'शैलीचे अनुकरण' म्हणावे, आणि ते गमतीच्या अंगाने केले आहे हे वाटल्यास पुढे जोडावे. शिवाय 'विडंबन' या शब्दाला 'विटंबना'ची छाया आहे, आणि या गाण्यात त्या जुन्या गीतांची टवाळी अजिबात नाही. ग्रॉफ यांनी ते पूर्ण गांभीर्याने गायले आहे आणि क्रिस्टॉफचे दुःखही खरे आहे.

चौथ्या उत्तराच्या लेखकाकडून

इथे माझे थोडे वेगळे मत आहे. विडंबनात मूळ चाल हवीच, हा नियम गीतांपुरता ठीक आहे. पण लेखनशैलीचेही विडंबन होते आणि तिथे मूळ मजकुराचा एक शब्दही नसतो. रेनडिअरांचा कोरस असलेल्या गाण्याला, ते कितीही गांभीर्याने गायले असले तरी, शैलीचे विडंबन म्हणायला माझी हरकत नाही. त्यामुळे ते गाणे हलके ठरत नाही, एवढे मात्र लिहिणाऱ्याने स्पष्ट करावे.

तिसऱ्या उत्तराच्या लेखकाकडून

'मनात रुजणे' याविषयी एक पुरवणी. 'टॉय स्टोरी'च्या १९९९ मधील दुसऱ्या भागात रँडी न्यूमन यांचे, सारा मॅक्लॅक्लन यांनी गायलेले 'व्हेन शी लव्ह्ड मी' हे गाणे आहे. मालकिणीने सोडून दिलेल्या जेसी या बाहुलीची आठवण त्यात आहे. ते संथ आहे, त्याला पाय ठेका धरत नाहीत, आणि पहिल्या भागातील मैत्रीच्या गाण्यासारखे ते मुलांच्या ओठांवर रुळलेले मला कधी आढळले नाही. तरीही त्या चित्रपटाचा विषय निघाला की मोठी माणसे आधी त्याच गाण्याविषयी बोलतात. 'फ्रोझन २' मधील ॲनाचे 'द नेक्स्ट राइट थिंग' हे गाणेही याच जातीचे आहे, असे मला वाटते. एका मतात त्याला 'रटाळ' म्हटलेले वाचले. ते संथ आहे हे खरे. शोकाने पाऊल उचलवत नसलेल्या मुलीचे गाणे दुसऱ्या लयीत बसलेच नसते. 'संथ' हे वर्णन आहे आणि 'रटाळ' हा निर्णय आहे, तेव्हा दुसरा शब्द लिहिणाऱ्याने त्याचे कारणही द्यावे.