मदत हवी आहे: जँगोत आयडीवरून एकच पावती काढायची आहे

मंडळी, परळला आमच्या चाळीच्या गणपतीच्या वर्गणीसाठी जँगोत (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) छोटी साइट करतोय. यूआरएलमधल्या आयडीवरून गेट (एकच नोंद आणणारी मेथड) लावून पावती काढतो पण ती डिलीट झालेली असली की डझनॉटएक्झिस्ट, म्हणजे ‘अशी नोंदच नाही’ ही एरर येते आणि काल तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मोबाइलवर ते पिवळं एररचं पान उघडलं, डीबग (एररचा सगळा तपशील दाखवणारी सेटिंग) चालूच राहिलं होतं. मग फिल्टर करून फर्स्ट (जुळणाऱ्यांतली पहिली नोंद) घेतलं, तर नन म्हणजे ‘काहीच नाही’ मिळतं, एरर गेली पण पावती कोरी दिसते, नाव नाही रक्कम नाही, हे जास्त वाईट, लोकांच्या पैशाचा हिशोब आहे हो. गेट ऑब्जेक्ट ऑर ४०४ (नोंद नसली की ‘पान सापडलं नाही’ दाखवणारं) वापरणंच बरोबर ना? आणि आयडी बदलला की शेजाऱ्याची पावतीपण उघडते, तर यूजरची अट त्याच ओळीत टाकू की वेगळी तपासू? प्लीज सांगा कोणीतरी, वर्गणी सुरू झालीये.