मदत हवी आहे: लॉगमध्ये नुसतं 'स्क्रिप्ट एरर', ओळ 0. फुटतंय कुठे?

त्रस्त_डेव्ह:
पेमेंटच्या पानावर काही गिऱ्हाइकांचं 'पुढे जा' बटण मेल्यासारखं आहे. विंडो डॉट ऑनएरर (पानावरची एरर पकडणारा कोड) लावून एरर सर्व्हरवर गोळा करतोय, तर सगळ्या नोंदी एकसारख्या: 'स्क्रिप्ट एरर.', ओळ 0, कॉलम 0, फाईलचं नाव रिकामं, एरर ऑब्जेक्ट नल. माझ्याकडे झकास चालतंय. शोधू कसं? रिलीज अडकलाय, लवकर सांगा.

घाटावरचा:
ब्राउझर कोणता? फोन कोणता? कन्सोलमध्ये काय येतं? कोड टाका.

त्रस्त_डेव्ह:
लिहिलंय ना वर, माझ्याकडे एररच येत नाही. कन्सोलमध्ये काय बघू? कोड ऑफिसचा आहे, टाकता येणार नाही.

जुनं_खोड:
सोपं आहे. इंटरनेट ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डवर जा आणि 'डिस्प्ले अ नोटिफिकेशन अबाउट एव्हरी स्क्रिप्ट एरर'ची टिक काढा. खिडकी परत येणार नाही.

घाटावरचा:
काका, ते इंटरनेट एक्सप्लोररचं. त्याला मायक्रोसॉफ्टनेच जून 2022 मध्ये निरोप दिला.

जुनं_खोड:
एजमध्ये आयई मोड आहे अजून. माहिती नसेल तर बोलू नये.

सौ_कोडवाली:
@त्रस्त_डेव्ह, जेएस (जावास्क्रिप्ट) फाईल पानाच्याच डोमेनवरून येते की दुसरीकडून?

त्रस्त_डेव्ह:
सीडीएनवरून, म्हणजे फाईली वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवरून. गेल्या महिन्यात हलवली. त्याचा काय संबंध?

सौ_कोडवाली:
सगळा संबंध तिथेच. परक्या ओरिजिनच्या, म्हणजे दुसऱ्या डोमेनवरून आलेल्या स्क्रिप्टमध्ये काय फुटलं हे ब्राउझर पानाला मुद्दाम सांगत नाही, कारण एररच्या मजकुरातून दुसऱ्या साइटची माहिती गळू शकते. म्हणून हे शून्य-शून्य. स्क्रिप्ट टॅगवर क्रॉसओरिजिन="ॲनॉनिमस" लावा आणि सीडीएनकडून ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर (फाईलबरोबर जाणारी परवानगीची सूचना) पाठवा. दोन्ही हवेत.

बग_बहाद्दर:
एवढी उठाठेव कशाला? अख्खा कोड ट्राय-कॅचमध्ये (कोडमधली एरर पकडणारी रचना) गुंडाळा, कॅचमध्ये पूर्ण स्टॅक (एरर कुठून आली त्याचा माग) मिळतो. मी कायम हेच करतो.

सौ_कोडवाली:
मिळतो, पण फाईल पार्स झाली, म्हणजे ब्राउझरला वाचता आली तर. सिंटॅक्स एरर (कोडच्या व्याकरणातली चूक) असेल तर त्याच फाईलमधला ट्राय सुरूच होत नाही. इथे बटणच मेलंय, मला तोच वास येतोय.

बग_बहाद्दर:
सिंटॅक्स एरर असती तर त्यांच्याकडेही फुटली असती.

घाटावरचा:
नव्या ब्राउझरला कळतं ते जुन्याला कळत नाही, म्हणून तर मघापासून फोन विचारतोय! युजर एजंट (ब्राउझर आणि फोनची ओळख) साठवता का?

त्रस्त_डेव्ह:
साठवतो. चाळले आत्ता. जवळजवळ सगळे आयफोन, आयओएस 15. इथे एकाकडे तसा फोन आहे, पण सफारीचा कन्सोल बघायला मॅक लागतो, तो नाही.

रिकामटेकडा:
जेक्वेरी असेल तर काढून टाका. रिॲक्टवर या.

सौ_कोडवाली:
मॅक नको. फक्त क्रम चुकवू नका: आधी हेडर, मग सीडीएनचा कॅशे साफ, टॅगवरचं ॲट्रिब्यूट शेवटी. उलटं केलंत तर हेडर नाही म्हणून ब्राउझर फाईलच अडवेल आणि आज ज्यांचं चालतंय त्यांचंही बंद पडेल.

त्रस्त_डेव्ह:
केलं. आता लॉगमध्ये: 'सिंटॅक्स एरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम'. ओळ 1. फाईल मिनिफाय केलेली (मोकळ्या जागा काढून दाबलेली), त्यामुळे सगळंच ओळ 1.

घाटावरचा:
लुकबिहाइंड! म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधायचा नमुना, रेजेक्स) 'आधी काय आलंय' ते तपासणारा भाग. मूळ कोडमध्ये (?<= किंवा (?<! शोधा. सफारीला हे 16.4 पासून, म्हणजे मार्च 2023 पासून समजतं. आयफोन 7 तर आयओएस 15 च्या पुढे जातच नाही. बाहेरच्या लायब्रऱ्याही तपासा, बंडलमध्ये (सगळा कोड एकत्र बांधलेली फाईल) एक जरी असलं तरी अख्खी फाईल बाद.

त्रस्त_डेव्ह:
सापडलं. रकमेत स्वल्पविराम घालणारं फंक्शन आहे, त्यात (?<! आहे. त्याजागी काय घालू?

सौ_कोडवाली:
रेजेक्सच नको. जावास्क्रिप्टच्या टू-लोकेल-स्ट्रिंगला 'एन-आयएन' (भारतीय इंग्रजी) द्या, 1234567 चं 12,34,567 होतं. लाख-कोटी आपोआप.

बग_बहाद्दर:
आणि ट्राय-कॅच घालाच.

त्रस्त_डेव्ह:
त्या फोनवर बटण चाललं. पण लॉगमध्ये 'स्क्रिप्ट एरर.' अजून अधूनमधून येतंय?

सौ_कोडवाली:
पानावर ॲनालिटिक्स, चॅट असल्या बाहेरच्या स्क्रिप्ट असतील, त्यांच्यावर ॲट्रिब्यूट नाही. त्या फुटल्या की शून्यच दिसणार.

नवखा_77:
मलाही स्क्रिप्ट एरर येते, पण वर्डप्रेसवर. सगळे प्लगइन बंद केले की जाते. कुठला प्लगइन ते कसं कळेल?

घाटावरचा:
अर्धे चालू करून बघा, मग त्यातले अर्धे. आणि नवा धागा काढा.