हॉलरचं ठसाचित्र कसं ओळखायचं, कसं बघायचं?

खानापूर_रोड: बेळगाव कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या सामानात फ्रेम केलेलं लहान चित्र आलंय. गोलात तरुण बाईचं डोकं नि खांदे, लेसची कॉलर, गळ्यात मोती. खाली ‘डब्ल्यू हॉलर फेचित १६४५’ (फेचित म्हणजे लॅटिनमध्ये ‘यानं केलं’). खरंच त्या काळातलं असेल का? आणि यात बघायचं काय, तेही सांगा की. मला नुसत्या रेघा दिसतात.

पत्रा_आणि_शाई: रेघाच बघायच्या ओ! व्हेन्स्लॉस हॉलर (१६०७–१६७७) मूळचा प्रागचा. १६३६ पासून अर्ल ऑफ अरुंडेल या इंग्लिश सरदाराच्या पदरी, १६४४ ते १६५२ आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला. बायकांच्या पोशाखात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. १६४० मध्ये त्यानं इंग्लिश बायकांच्या कपड्यांची २६ चित्रांची मालिकाच काढली.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईनं रेघ, मग पत्रा आम्लात. फिकट हवा तो भाग लवकर बाहेर काढून वार्निशनं झाकायचा, बाकीचा पुन्हा आम्लात. जितका वेळ जास्त तितकी रेघ खोल नि काळी. मग रेघांत शाई भरून पत्रा कागदावर दाबायचा, तो छाप म्हणजे ठसाचित्र. दहापट भिंग घेऊन आधी गालावर या. तिथं टिंबं नि तुटक रेघा, कडेला जाता जाता दाट होणाऱ्या. मग केसांवर जा, तिथं रेघ लांब नि वळणदार. आम्लानं खाल्लेल्या रेघेचं टोक बोथट राहतं. सोनारासारखं हत्यारानं कोरलेलं असेल तर टोक निमुळतं होतं. लेसमध्ये पांढरी शाई कुठंच नाही. भोवती काळं करून कोरा कागदच उजळवलाय. चेहऱ्यापेक्षा मला तर ती कॉलरच जास्त आवडते.

कागद_निपाणी: आधी फ्रेममधून काढा. काचेवरून निकाल देता येत नाही. मग कागद उजेडासमोर धरा. त्या काळच्या हातकागदात जवळजवळ बारीक रेषा नि त्यांना आडव्या, दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक जाड रेषा दिसतात. एकसारखा गुळगुळीत कागद अठराव्या शतकाच्या मध्याच्या आधीचा नसतो. मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका मारा: शाई कागदावर किंचित उठलेली हवी. पत्र्याच्या कडेचा दाब दिसला नाही म्हणून लगेच खोटं ठरवू नका, पूर्वी समास कापून टाकायचे. भिंगात रांगेतले छपाईचे ठिपके दिसले तर विषय संपला, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटानंतरचं.

फोटोवरून आम्लानंच कोरलेल्या नकला मात्र फसवतात. त्यात शाई उठलेली असते, दाबही असतो. तिथं कागदच निर्णय देतो.

टिळकवाडी_ठसा: एक भर घालतो. १६४५ हे पत्रा कोरल्याचं साल, तुमचा कागद छापल्याचं नव्हे. पत्रे विकले जायचे नि पुढं कितीतरी वर्षं छापले जायचे. प्रत्येक छापाला तांबं झिजतं आणि सगळ्यांत आधी गालावरची बारीक टिंबं जातात. चेहरा कोरा, कॉलर मात्र ठळक असेल तर उशिराचा छाप समजा. काही ठिकाणी रेघ एकदम जाड नि खरखरीत वाटली, तर झिजलेला भाग कुणीतरी पुन्हा कोरलाय.

आणि हे बेळगावच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टांगू नका. ओलीनं तपकिरी डाग पडतात, कसर लागते. मागचा पुठ्ठा आम्लधर्मी असेल तर तोही बदला. काच नि कागद यांत माउंटची (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) फट हवी. सेलोटेप, लॅमिनेशन, घरी धुणं यांतलं काही नको. बाजारात कुणी ‘डाग काढून देतो’ म्हणालं तर हात जोडून परत या.