रुनेबर्ग की रूनेबेरि? आणि स्वीडिशमध्ये लिहिणारा फिनलंडचा राष्ट्रकवी कसा?

प्रश्न – एस्पूची_पाहुणी
हेलसिंकीजवळ राहायला येऊन दीड वर्ष झालं. जानेवारी लागला की इथे बेकऱ्यांत बुटक्या डब्यासारखे उभट केक दिसायला लागतात. वर रास्पबेरी जॅमचा ठिपका आणि त्याभोवती पांढऱ्या साखरेचं कडं. काल ऑफिसात कॉफीच्या वेळी मी "एक रुनेबर्ग द्या" म्हटलं, तर टेबलाभोवतीचे सगळे गालात हसले. एकीने हळूच सांगितलं, "रूनेबेरि." केकवरून कवीपर्यंत पोचले, तर कळलं की या राष्ट्रकवीने फिनिशमध्ये नव्हे, स्वीडिशमध्ये लिहिलंय! मग हा यांचा कवी कसा? की नाव आता केकपुरतंच उरलंय?

उत्तर – पोर्वोकर
हसले त्याचं मनाला लावून घेऊ नका, माझंही तेच झालं होतं. आडनाव स्वीडिश आहे, त्यामुळे शेवटचा ग 'य'सारखा होतो आणि फिनिश तोंडात त्याची नुसती 'इ' उरते.

आता भाषेचं. योहान लुडविग रुनेबर्ग ५ फेब्रुवारी १८०४ला याकोबस्टाडला जन्मला, तेव्हा फिनलंड स्वीडनचाच भाग होता. १८०९मध्ये फिनलंड रशियाकडे गेला, तरी शिकल्यासवरल्यांची भाषा स्वीडिशच राहिली. विद्यार्थी असताना पैशांसाठी तो सारियार्वी आणि रुओवेसीला घरशिक्षक होता. आतल्या भागातला फिनिश बोलणारा गरीब शेतकरी त्याला तिथे दिसला. त्यातून आलेली शेतकरी पावोची कविता माझ्या फिनिशच्या वर्गात बाईंनी वाचून दाखवली होती. दोन वर्षं पीक जातं, पावो बायकोला सांगतो, पिठात अर्धी पाइनची साल मिसळ. तिसऱ्या वर्षी पीक वाचतं. बायको खूश, आता निव्वळ पिठाची भाकरी! पावो म्हणतो, अर्धी साल घालच, शेजाऱ्याचं शेत गारठून गेलंय. बाईंचा आवाज तिथे जरा अडकला. हे मूळ स्वीडिशमध्ये आहे, याची वर्गात कुणालाच आठवण राहिली नाही.

राष्ट्रगीतही त्याचंच. १८४८मध्ये फ्रेडरिक पासिउसच्या चालीवर ते पहिल्यांदा गायलं गेलं. पासिउस तर जर्मनीत जन्मलेला! (आणि हीच चाल एस्टोनियाच्या राष्ट्रगीताचीही आहे.) फिनिशमध्ये आज गातात ते शब्द पाव्हो कायांडरच्या अनुवादातले.

उत्तर – रूनो_वेडा
पोर्वोकरांनी एक गंमत सोडली. फिनिशमध्ये 'रूनो' म्हणजे कविता आणि स्वीडिशमध्ये 'बेर्य' म्हणजे डोंगर. आडनाव वाडवडिलांकडून आलेलं, पण कवीला यापेक्षा चपखल टोपणनाव सुचलं नसतं.

आणि नाव केकपुरतं नाही हो. हेलसिंकीत रूनेबेरिनकातु रस्ता आहे. तो 'इन' म्हणजे आपला 'चा': रूनेबेरिचा रस्ता. एस्प्लनादी बागेत १८८५चा पुतळा आहे, आणि तो घडवला त्याच्याच मुलाने, वॉल्टरने. ५ फेब्रुवारीला देशभर झेंडे लागतात. मात्र केकच्या बाबतीत नाव इतकं मुरलंय की फिनिश शब्दकोशात ते छोट्या अक्षराने सुरू होतं, विशेषनामाचा मान गेला! माझ्या मते कवीला याहून मोठा पुरस्कार नाही. केक कळला म्हणजे कवी कळला असं मात्र नाही, इथल्या तरुण पोरांना विचारून बघा.

उत्तर – पोर्वोकर
केकवरून आठवलं. सगळे त्याचं नाव घेतात, पण पाककृती सापडते त्याची बायको फ्रेड्रिका हिच्या वहीत. ती स्वतः कादंबरीकार होती, वर्तमानपत्राच्या कामात त्याला मदत करायची. १८६३मध्ये त्याला पक्षाघात झाला आणि १८७७मध्ये मरेपर्यंत तो अंथरुणावरच होता. ती सगळी वर्षं तिनेच त्याचं केलं. पोर्वोतलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. पाहुणे आले की मी नेतो, आणि तिची खोली आधी दाखवतो.

एस्पूची_पाहुणी
शनिवारी पोर्वोची बस धरते. आज ऑफिसात "रूनेबेरि" नीट म्हटलं, तर समोरचा म्हणाला, "संपले."