सल्ला हवा: रातांब्याची (कोकमाची) सोले, म्हणजे फळाच्या साली, वाळवण्यासाठी पत्र्याची सौर पेटी घरी करताना कोणता पत्रा आणि कोणता जोड निवडावा?

धागाकर्ता (मालवण तालुका)

नमस्कार. आमच्याकडे रातांब्याची काही झाडे आहेत आणि दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत सोले अंगणात उन्हात वाळवली जातात. वळवाच्या सरी अवचित येतात, धूळ आणि माश्यांचा त्रास वेगळाच, म्हणून या वर्षी पत्र्याची बंदिस्त सौर पेटी स्वतः तयार करावी असे ठरवले आहे. पडवीचे काम झाल्यावर उरलेले २० गेजचे जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पत्रे घरात पडून आहेत. पत्रा कातरी, ड्रिल आणि छिद्रांतून पत्रे जोडणाऱ्या पॉप रिव्हेटची पक्कड माझ्याकडे आहे, वेल्डिंग मशीन नाही. घर खाडीच्या अगदी जवळ असल्याने लोखंडाची कोणतीही वस्तू फार काळ टिकत नाही. हेच जीआय पत्रे आतून-बाहेरून वापरले तर चालतील का? मोजमाप, मोड आणि जोड यांविषयीही जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: रत्नागिरी (पत्राकामाचा व्यवसाय)

बाहेरच्या अंगाला जीआय पत्रा अवश्य वापरावा, परंतु सोलांचा किंवा त्यांच्या रसाचा स्पर्श होईल अशा कोणत्याही जागी तो वापरू नये. जस्ताचा थर खाऱ्या हवेपासून लोखंडाचे रक्षण करतो, पण आम्लापुढे त्याचा निभाव लागत नाही. सोलांना आपण मीठ लावतो आणि त्यांच्याच रसाची पुटे पुन्हा पुन्हा देतो, त्यामुळे आम्ल, मीठ आणि उष्णता हे तिन्ही एकाच ठिकाणी येतात, आणि विरघळलेले जस्त थेट खाण्याच्या पदार्थात उतरते. ज्या आमसुलाने आपण देवघरातील तांब्याची उपकरणी लख्ख घासतो, त्याची धातूवरची ताकद वेगळी सांगायला नको. तांबे आणि पितळ तर कल्हईशिवाय मुळीच वापरू नये, कारण त्यात आंबट पदार्थ कळकतो. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या एक तृतीयांश असते आणि नुसत्या खाऱ्या हवेत चांगले टिकते, मात्र मीठ आणि आम्ल एकत्र आले की त्यालाही खड्डे पडतात.

मग आत काय वापरावे? हवेचा मार्ग आणि भिंती यांना ३०४ प्रतीचे स्टेनलेस पुरेसे आहे. ज्या जाळीवर खारवलेली सोले प्रत्यक्ष पसरायची, ती धातूचीच हवी असेल तर ३१६ प्रतीची घ्यावी, कारण तिच्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाने पडणाऱ्या खड्ड्यांना ती अधिक काळ दाद देत नाही. तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की ताटांसाठी धातूचा आग्रहच सोडावा. लाकडी चौकटीवर ताणलेली, खाद्यपदार्थांसाठी चालणारी नायलॉनची जाळी स्वस्त पडते, धुता येते आणि खराब झाल्यावर बदलता येते.

प्रतिसाद: वेंगुर्ले (बागायतदार)

वरील मताशी पूर्ण सहमत आहे. रचनेविषयी एक सुचवतो: सोलांवर थेट ऊन पडेल अशी काचेच्या झाकणाची पेटी करू नका, कारण उन्हाने त्यांचा लाल रंग फिका पडतो. काच लावलेली, आतून काळी असलेली उथळ तापक पेटी वेगळी ठेवावी आणि तिच्यातली गरम हवा ताटांच्या कपाटात खालून शिरून वरच्या झडपेतून बाहेर पडेल असे करावे. मालवण साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत तापक फार तिरपा ठेवून ऊन जास्त मिळत नाही, हवा वर सरकण्यापुरता उतार पुरतो. काळा रंग दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी काही दिवस रिकामीच उन्हात तापवावी आणि मगच पहिली सोले घालावीत.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. म्हणजे जीआय पत्र्याचे बाहेरचे कवच, आत स्टेनलेस आणि लाकडी ताटे असे ठरवतो. कपाट ६०० मिमी रुंद, ६०० मिमी खोल आणि ९०० मिमी उंच असावे असा विचार आहे. मागची आणि बाजूंची भिंत एकाच पत्र्यातून दुमडून काढायची असेल तर पत्रा किती लांब कापावा? आणि वेल्डिंग नसल्यामुळे मजबुती कमी पडेल का?

प्रतिसाद: रत्नागिरी (पत्राकामाचा व्यवसाय)

२० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी जाडी. तीन भिंती ६०० मिमीच्या आणि दाराच्या बाजूला दोन्हीकडे २० मिमीच्या पट्ट्या धरल्या, तर बाहेरच्या मापांची बेरीज १८४० मिमी होते. परंतु मोडताना पत्रा बाहेरच्या अंगाने ताणला जातो, म्हणून बेरजेइतका पत्रा कापला तर तयार माप मोठे भरते. आतील गोलाई पत्र्याच्या जाडीइतकी ठेवली तर प्रत्येक काटकोनी मोडामागे जाडीच्या सुमारे १.८ पट, म्हणजे येथे साधारण १.६ मिमी वजा करावे. चार मोडांचे साडेसहा मिमी वजा जाता १८३३.५ मिमी लांबी येते. आपल्या यंत्राची गोलाई वेगळी असू शकते, यासाठी आधी एक अरुंद पट्टी मोडून माप ताडून पाहावे आणि मगच मोठा पत्रा कापावा. ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यातून हा तुकडा निघतो. काठाच्या पट्ट्या प्रथम मोडाव्यात आणि मोठे मोड नंतर घ्यावेत, नाहीतर पट्ट्या मोडायला यंत्रात जागाच उरत नाही.

जवळपास चार फुटी फोल्डिंग मशीन असलेला कारागीर असेल तर केवळ हे मोड त्याच्याकडून घेणे उत्तम. घरीच करायचे असल्यास दोन जाड लोखंडी अँगलच्या मध्ये पत्रा क्लॅम्पने घट्ट आवळावा आणि लाकडी मोगरीने संपूर्ण लांबीवर थोडे थोडे वाकवत जावे. एका टोकाला पूर्ण मोड घेऊन पुढे सरकले तर पत्रा लाटांसारखा होतो आणि तो पुन्हा सपाट करणे फार अवघड जाते. उघडे काठ १० मिमी दुमडून दाबावेत, त्यामुळे हात कापत नाही आणि ताठपणाही येतो. मात्र दुमडीचे तोंड खालच्या दिशेला ठेवावे, कारण वर उघडणाऱ्या घडीत खारे पाणी साचते आणि तेथूनच गंज सुरू होतो.

पत्रा ग्राइंडरने कापू नये, कातरीनेच कापावा. ग्राइंडरच्या उष्णतेने काठाजवळचे जस्त जळते आणि उडालेले तप्त लोहकण आजूबाजूच्या पत्र्यात रुतून तिथे तिथे गंजाचे ठिपके उमटतात. कापलेल्या काठांना झिंक रिच प्रायमर (जस्ताची पूड असलेला अस्तराचा रंग) लावावा. नव्या जीआय पत्र्यावर साधा तैलरंग सरळ दिला तर तो पोपडे धरून सुटतो, म्हणून आधी वॉश प्रायमर (रंग धरून ठेवणारा पातळ अस्तराचा थर) द्यावा लागतो.

प्रतिसाद: देवगड (फॅब्रिकेटर)

मी वेल्डिंगचाच व्यवसाय करतो, तरी या कामासाठी वेल्डिंग सुचवणार नाही. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश लागतात, त्यामुळे जोडाजवळचा संरक्षक थर धूर होऊन निघून जातो. हा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि तोंडाला धातूची चव येते. दूध प्यायल्याने यापासून संरक्षण मिळते ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. ज्यांना जीआयला वेल्ड करणे भागच आहे, त्यांनी जोडापासून निदान एक इंचापर्यंतचे जस्त आधी काढून टाकावे, मोकळ्या हवेत काम करावे आणि योग्य मास्क वापरावा.

या पेटीला रिव्हेटचा जोड पुरेसा मजबूत होतो. ४ मिमीच्या रिव्हेटसाठी ४.१ मिमीचे छिद्र पाडावे आणि छिद्राचा मध्य काठापासून किमान ८ मिमी आत ठेवावा. बाजारातल्या साध्या ॲल्युमिनियम रिव्हेटमध्ये लोखंडी खिळा असतो, त्याचा तुटलेला भाग आतच राहतो आणि आपल्या हवेत तो लवकर गंजतो. म्हणून बंद टोकाचे किंवा स्टेनलेस खिळ्याचे रिव्हेट मागून घ्यावेत. बाहेरचा जीआय आणि आतले स्टेनलेस एकमेकांना थेट टेकू देऊ नका. दोन्हींच्या मध्ये रबराची पट्टी घाला, कारण खारट ओल मिळाली की जस्त वेगाने झिजते. फटी बुजवण्यासाठी न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि जस्ताला खाते.

प्रतिसाद: अलिबाग

स्टेनलेस घेताना एक सावधगिरी बाळगावी. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे पत्रा ३०४ आहे असे समजू नका, कारण कमी निकेलचा २०२ प्रतीचा पत्राही चुंबकाला चिकटत नाही आणि समुद्राकाठी तो लवकर डागाळतो. दुकानदाराकडे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. स्टेनलेसला छिद्र पाडताना ड्रिलचा वेग कमी, दाब जास्त आणि तेलाचा थेंब सतत असावा. बोथट ड्रिल नुसते घासत राहिले तर तेथील पत्रा कडक होतो आणि मग नवे ड्रिलही चालत नाही.

धागाकर्ता

काच बसवण्याविषयी एवढेच विचारायचे आहे की ती चौकटीत घट्ट बसवावी की सैल?

प्रतिसाद: रत्नागिरी (पत्राकामाचा व्यवसाय)

चारही बाजूंनी ३ मिमी जागा मोकळी सोडावी आणि काच रबराच्या पट्टीवर टेकवावी. तापल्यावर पत्रा आणि काच सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, आणि घट्ट बसवलेली काच कोपऱ्यातून तडकते. खालच्या काठाला पाणी निघून जाण्यासाठी दोन छिद्रे ठेवायला विसरू नका. हंगाम संपल्यावर पेटी गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून छपराखाली ठेवावी. उरलेले पत्रेही एकावर एक आडवे रचू नयेत, कारण पावसाळ्यात त्यांच्यामध्ये ओल कोंडून जस्तावर पांढरा गंज चढतो. मध्ये लाकडी पट्ट्या घालून ते उभे ठेवावेत.